धुराचा क्लेम : नाशिकच्या एका फ्लॅटच्या नोंदी

आत्याचा टू बीएचके, इंदिरानगर, तिसरा मजला. कर्ज आतेभाऊ आणि आत्या दोघांच्या नावावर. आतेभाऊ पुण्याला असतो, म्हणून धावपळ माझ्याकडे आली. पॉलिसी भारत गृह रक्षा, म्हणजे १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण (आयुर्विमा सोडून इतर) विमा कंपन्यांना एकाच ठरलेल्या मजकुरात द्यावी लागते ती. त्यामुळे कंपनी कुठलीही असो, खालचं बरंचसं लागू पडेल. कंपनीचं नाव लिहीत नाही.

१० फेब्रुवारी

काल रात्री फ्रिजच्या मागून आग लागली. आत्या शेजारी हळदी-कुंकवाला गेली होती, त्यामुळे माणसाला काही झालं नाही. अग्निशमन दलाने विझवली. स्वयंपाकघर गेलं: फ्रिज, ट्रॉल्या, चिमणी, वरचा माळा, खिडकीच्या काचा. हॉल आणि दोन्ही बेडरूमना ज्वाळा लागल्याच नाहीत. पण दारं उघडी होती आणि जळलं ते बहुतेक प्लास्टिक, लॅमिनेट आणि वायरी. सगळं घर काळं.

सकाळी पहिलं काम वायरमनचं. मीटरजवळून लाइन तोडली, एमसीबी (मेन स्विच) खाली पाडून त्यावर चिकटपट्टी लावली. 'वास जायला पंखा लावू का' असं तीन जणांनी विचारलं. पंखा नाही, एसी नाही, काही नाही. ओल्या वायरिंगचा धोका तर आहेच, शिवाय एसी लावला की काजळी त्याच्या कॉइलमध्ये ओढली जाते आणि मग वर्षभर तिथून वास येत राहतो.

कशालाही हात लावण्याआधी व्हिडिओ. दारापासून सुरुवात, प्रत्येक खोली घड्याळाच्या दिशेने, कपाटं आणि ड्रॉवर उघडून, तोंडाने बोलत. मग फोटो. बेडरूमच्या भिंतीवरचं कॅलेंडर उचललं तर खाली पांढराशुभ्र चौकोन, कडा पट्टीने आखल्यासारख्या. छताच्या कोपऱ्यांतून काळी जळमटं लोंबत होती. आत्या म्हणाली, "अरे, दिवाळीत तर सगळी जळमटं काढली होती!" ती कोळ्याची नव्हतीच, काजळीचे कण एकमेकांना चिकटून तयार झालेले धागे होते. चौकोन आणि धागे, दोन्हींचे जवळून फोटो घेऊन ठेवले. पुढे हेच कामाला आले.

दुपारी कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर क्लेम नोंदवला, आणि तेच सगळं ईमेलवरही लिहिलं. फोनची नोंद त्यांच्याकडे राहते, ईमेलची आपल्याकडे.

११ फेब्रुवारी

पोलीस ठाण्यात आकस्मिक जळीताची नोंद. हवालदार येऊन पंचनामा करून गेले. जबाबात 'शॉर्टसर्किटने आग' असं सरळ लिहिलं जात होतं. मी विनंती केली की 'फ्रिजच्या मागील बाजूने आग लागल्याचे दिसते' एवढंच लिहा, कारण आपण कोणी तपासलेलं नाही. त्यांनी तसं लिहिलं. अग्निशमन दलाच्या दाखल्यासाठी शिंगाडा तलावाच्या मुख्यालयात अर्ज दिला, पोच घेतली.

आतेभावाचा फोन : "लोनबरोबरची पॉलिसी आहे रे, त्यात फक्त भिंती असतात." पॉलिसीचं शेड्यूल (कशाचा किती विमा ते लिहिलेलं पान) मागवून वाचलं. या पॉलिसीत इमारतीचा विमा असला की घरातल्या सामानाला आपोआप इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत संरक्षण मिळतं, वेगळी यादी न देता. आत्याची इमारतीची रक्कम २४ लाख, म्हणजे सामानाला ४ लाख ८० हजार. दागिने यात येत नाहीत, ते वेगळे घ्यावे लागतात. आत्याचं सोनं बँकेच्या लॉकरमध्ये होतं, तो प्रश्न आला नाही. आणि विमा रक्कम कमी पडली म्हणून त्या प्रमाणात क्लेम कापायची जुनी पद्धतही या पॉलिसीत नाही.

१२ फेब्रुवारी

सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजायला कंपनीने नेमलेला माणूस, आले. एक लाखावरच्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअर लागतोच. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कळवल्यापासून २४ तासांत त्याची नेमणूक, नेमणुकीपासून १५ दिवसांत अहवाल आणि अहवाल मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीचा निर्णय. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत.

गृहस्थ सभ्य. स्वयंपाकघरात तासभर टेप लावून मापं घेतली. फ्रिजबद्दल तिथेच सांगितलं की तो मिळणार नाही. पॉलिसीत कलम आहे : शॉर्टसर्किट, जास्त दाब, आपोआप तापणं यामुळे जे विजेचं उपकरण जळतं, ते उपकरण वगळलेलं. पण वगळलेलं फक्त तेच. त्यातून आग पसरून जे जळलं ते सगळं धरलं जातं. बरेच लोक 'शॉर्टसर्किट म्हणजे क्लेम गेला' असं समजून नादच सोडतात. गेला तो फक्त फ्रिज.

मग बेडरूमच्या दारात उभं राहून एक नजर टाकली आणि म्हणाले, "हे काय, पुसून निघेल. क्लीनिंग चार्जेस धरू."

इथेच खरी लढाई आहे हे तेव्हा लक्षात आलं. जळालेली वस्तू स्वतःच पुरावा असते, तिच्यावर वाद होत नाही. काजळीचं तसं नाही. आज पुसली तर पुरावा गेला, नाही पुसली तर नुकसान वाढतं आणि 'तुम्ही काळजी घेतली नाही' म्हणायला कंपनी मोकळी.

पांढरा कापूस मागवला. बंद कपाटाच्या आतल्या फळीवर फिरवला, काळा. स्विचबोर्डचे स्क्रू वायरमनने त्यांच्यासमोर काढले. आत तांब्याच्या टोकांवर हिरवट थर धरायला लागला होता, दोन-तीन दिवसांत. पीव्हीसी (वायरींवरचं प्लास्टिक) जळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो, हवेतल्या ओलाव्याबरोबर त्याचं आम्ल होतं आणि ते धातू खात राहतं. सर्व्हेअरनी फोटो घेतला, बोलले काही नाहीत.

संध्याकाळी कंपनीला ईमेल : 'नुकसान वाढू नये म्हणून साफसफाई सुरू करत आहोत, प्रत्येक खोलीत एक भिंत न पुसता ठेवत आहोत, हरकत असल्यास दोन दिवसांत कळवावे.' उत्तर आलं, हरकत नाही. ही एक ओळ लेखी मिळवायचीच.

१६ फेब्रुवारी

साफसफाई पहिल्याच दिवशी फसली. ठरवलेली माणसं बादली आणि ओली फडकी घेऊन आली, मी पोचेपर्यंत हॉलची अर्धी भिंत झाली होती. म्हणजे काळ्याची राखाडी झाली होती. प्लास्टिकची काजळी मेणचट असते. ओलं फडकं लावलं की ती पसरते आणि रंगाच्या आत मुरते. काम थांबवलं. त्या दिवसाचे ३,५०० रुपये द्यावे लागले ते लागलेच.

दुसऱ्या दिवसापासून उलटा क्रम. आधी व्हॅक्यूम, पण ब्रश भिंतीला न घासता वरून धरून. मग कोरडा रबरी स्पंज, एकाच दिशेने ओढायचा, तोंड काळं झालं की कापून टाकायचा. त्यानंतर कोमट पाणी आणि भांड्याचा लिक्विड सोप, आणि भिंत धुवायची ती खालून वर. वरून धुतलं तर ओघळ कोरड्या काजळीवरून उतरतात आणि त्यांचे पट्टे जात नाहीत. टाइल्स, ग्रॅनाइट, काचा, स्टीलची भांडी, लोखंडी कपाटाचा पत्रा हे सगळं असं निघालं. पीओपीचं छत नाही निघालं. प्लायवूडच्या कपाटांचे दर्शनी भाग निघाले, पण आतल्या कडांना लॅमिनेट नसतं, तिथे वास बसला तो बसलाच.

मास्क आणि हातमोजे सगळ्यांना. संध्याकाळी नाक शिंकरलं की काळं येतं, त्यावरून मास्कची किंमत कळते.

२० फेब्रुवारी

कपडे आणि किराणा.

सुती कपडे घरच्या वॉशिंग मशीनमध्ये टाकायचे नव्हतेच, मशीन काजळलेलं. लाँड्रीत दोनदा धुऊन निघाले. रेशमी साड्या ड्रायक्लीनला. आत्याच्या लग्नाचा शालू ट्रंकेत मलमलीत गुंडाळलेला होता, त्याला काहीसुद्धा झालं नाही. ड्रायक्लीनवाला म्हणाला की वास जावा म्हणून कपडे आधीच इस्त्री करून आणू नका, गरम इस्त्रीने वास पक्का होतो. आधी धुणं, मग इस्त्री. गाद्या, उशा आणि सोफ्याचा फोम गेला. कापसाच्या गाद्या पिंजून घ्याव्यात असं आत्याचं म्हणणं होतं, पिंजाऱ्याने वास घेऊनच परत पाठवलं.

डबे उघडून आत्या एकेक नाकाला लावत होती. "डाळ तर चांगली आहे की रे." प्लास्टिकच्या डब्यांतलं सगळं, उघडा मसाला, फ्रिजमधलं आणि औषधं टाकून दिली. घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे बेडरूममध्ये होते तेवढे ठेवले. टाकण्याआधी सगळं चटईवर मांडून फोटो. मिळतील न मिळतील, यादीत घालायला काय जातं?

भंगारवाला रोज येऊन विचारतो. जळालेलं काही विकू नका. कंपनी त्याची किंमत वजा करते किंवा स्वतः उचलते, आणि पुन्हा पाहणीला आले तर वस्तू दाखवावी लागते. सोसायटीने पार्किंगचा कोपरा दिलाय, बाकीच्यांची कुरकुर चालू आहे.

२६ फेब्रुवारी

टीव्ही, वॉशिंग मशीन, एसी. तिन्हींना आच लागलेली नाही, तिन्ही काळी. सर्व्हेअरच्या मते नुसतं 'सर्व्हिसिंग'.

सर्व्हिस सेंटरचा माणूस येतो, मागचं झाकण काढतो, 'बोर्ड गेलाय साहेब' म्हणतो आणि लिहून द्यायची वेळ आली की 'ते आमच्याकडे लिहीत नाहीत' म्हणतो. कारण त्याला वाटतं त्याच्यावर शेकेल. शेवटी मीच मजकूर सुचवला : 'बोर्डवर काजळी व गंज आढळला. दुरुस्तीचा खर्च इतका. दुरुस्तीनंतर हमी देता येत नाही.' कारण काय ते लिहायचं नाही, फक्त जे दिसलं ते. यावर टीव्ही आणि मशीनसाठी सही-शिक्का मिळाला. तपासणी शुल्क प्रत्येकी काही शे रुपये, पक्की पावती घेतली. एसीची कॉइल धुतल्यावर तो चालू झाला, वास नाही. त्याचा हट्ट सोडला.

आत्या पाथर्डी फाट्याजवळ भाड्याने राहायला गेली, १५,००० महिना. घर राहण्याजोगं होईपर्यंतचं पर्यायी जागेचं भाडं पॉलिसीत आहे, पण त्यासाठी घर राहण्यालायक नाही असा आर्किटेक्टचा किंवा स्थानिक प्राधिकरणाचा दाखला लागतो. ओळखीच्या आर्किटेक्टबाई येऊन बघून गेल्या. स्वयंपाकघराच्या छतावर हातोडीचा दांडा ठोकत निघाल्या. खिडकीकडे टणटण, फ्रिजच्या वर आल्यावर आवाज पोकळ झाला. तिथला गिलावा सुटलाय, काढावा लागेल. आतलं काँक्रीट बरं आहे. दाखला मिळाला. फी ६,०००. आर्किटेक्ट-इंजिनिअरची वाजवी फी क्लेमच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि राडारोडा उचलायचा खर्च २ टक्क्यांपर्यंत मिळतो, मागितला तर. फॉर्ममध्ये त्यासाठी वेगळा रकाना नव्हता, मी जोडपत्र लावलं.

४ मार्च

रंगाचा प्रयोग. रंगारी म्हणत होता, "लांबी (पुट्टी) मारतो, रंगाचे दोन हात मारतो, दिसणारसुद्धा नाही." सर्व्हेअरचंही तेच गणित. म्हटलं, बेडरूमच्या एका भिंतीवर तीन बाय तीन फूट मारून दाखव. मारलं. छान दिसलं. आज बघितलं तर मधोमध चहा सांडल्यासारखा पिवळा डाग, आणि नाक जवळ नेलं की वास. पाण्यात मिसळणारा रंग काजळीतले तेलकट अंश विरघळवून वर आणतो. आधी ऑइल बेस किंवा शेलॅकचा (लाखेचा) प्रायमर मारून डाग आत कोंडावा लागतो, मगच रंग. शेजारच्या तीन बाय तीनवर तसं केलं.

दोन्ही चौकोन पुसले नाहीत, त्यावर पेन्सिलने तारीख आणि काय मारलं ते लिहून ठेवलं. प्रायमरसकट नवं कोटेशन १ लाख ४० हजार, आधीचं ५५ हजार.

१३ मार्च

क्लेम फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो, तो वेळेत गेला. एकूण मागणी ७,८०,००० : त्यात इमारत, वायरिंग, ट्रॉल्या, रंग मिळून ५,७०,००० आणि सामान २,१०,०००. भाडं वेगळं.

जुन्या वस्तूंची बिलं कोणाकडे असतात? आमच्याकडे निम्म्यांची होती. बाकीसाठी वास्तुशांतीचे फोटो (मागे ट्रॉल्या आणि चिमणी स्पष्ट), टीव्हीच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर, आतेभावाच्या कार्डचं स्टेटमेंट, आणि एमजी रोडवरच्या दुकानातून त्याच मॉडेलच्या जवळच्या टीव्हीचं आजचं कोटेशन. कंपनीने तीच तीच कागदपत्रं पुन्हा मागितली तेव्हा प्रत्येक वेळी आधीच्या ईमेलची तारीख देऊन उत्तर दिलं. मजुरांच्या कच्च्या पावत्या चालल्या नाहीत. गवंड्याने ठेकेदाराच्या नावाने जीएसटीचं बिल दिलं, तेव्हा तो आकडा धरला गेला.

२० मार्च

अहवालावर आधारित ईमेल आला, १५ दिवस केव्हाच उलटल्यावर. शिफारस ५,०५,०००. रंग ५५ हजार धरला. वायरिंग फक्त स्वयंपाकघराचं, ३५ हजार. मागणी ८५ हजारांची होती. टीव्ही, मशीन, एसी सर्व्हिसिंगमध्ये. गाद्यांना चौथा हिस्सा. ट्रॉल्यांवर घसारा लावून २० हजार कमी.

सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागितली. ती मागायचा हक्क आहे, न मागता कोणी देत नाही. बारा पानांपैकी दहा पानं स्वयंपाकघरावर. बेडरूम आणि हॉलवर मिळून चार ओळी : 'किरकोळ धूर, स्वच्छता पुरेशी.' स्विचबोर्डचा त्यांनीच काढलेला फोटो जोडलेला होता, त्यावर एक शब्द नाही.

उत्तर लिहिलं, एक पान. रागाचं आधी लिहून झालं होतं, आतेभावाने ते पाठवू दिलं नाही, बरं केलं. मुद्दे तीन : तुमच्याच फोटो क्रमांक अमुकमध्ये तांब्यावर गंज दिसतो, सोबत वायरमनचा दाखला, रंगाचे दोन नमुने भिंतीवर आहेत, येऊन पाहा, टीव्ही आणि मशीनचे लेखी अहवाल जोडलेत. गाद्यांवर आणि ट्रॉल्यांवर वाद घातला नाही. पाच गोष्टींवर भांडलं की पाचही पातळ होतात. प्रत कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, आणि विमा नियामकाच्या विमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा टोकन क्रमांक विषयातच घातला. पुढची पायरी पुण्याचे विमा लोकपाल : फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद घेतात. तिथे जाण्याआधी कंपनीकडे लेखी तक्रार झालेली असावी लागते, ती ही.

१ एप्रिल

पुन्हा पाहणी. तेच सर्व्हेअर, बरोबर कंपनीचे एक अधिकारी. न पुसलेली भिंत दाखवली, पुसलेली दाखवली, मग दोन चौकोन. आता पिवळा डाग हाताच्या पंजाएवढा झाला होता आणि शेजारचा चौकोन कोरा. अधिकाऱ्यांनी नाक लावून पाहिलं, सर्व्हेअरकडे बघितलं आणि म्हणाले, "साहेब, हा तर उठतोय." वायरिंगसाठी हॉलमधला बोर्ड उघडला. आता हिरवं नुसतं दिसत नव्हतं, नखाने निघत होतं.

चहा घेऊन गेले.

११ एप्रिल

सुधारित शिफारस. रंगात ७५ हजार वाढले, वायरिंगचे ५० हजार पूर्ण, टीव्ही आणि मशीनचे ६० हजार. एकूण ६,९०,०००, भंगाराचे ६ हजार वजा. भाडं वेगळं मंजूर.

आता बँकेचं लफडं. पॉलिसीवर बँकेचं नाव आहे, म्हणजे रक्कम आधी बँकेच्या नावाने निघते. शाखेत कोणाला पत्ता नाही. 'तुमचा हप्ता तर नियमित आहे ना, मग आमचा काय संबंध?' कर्ज विभागात गेल्यावर कळलं की दुरुस्तीसाठी पैसे थेट खातेदाराला द्यायला हरकत नाही, असं पत्र बँकेने दिलं की कंपनी तसं करते. पत्राचा नमुना मीच टाइप करून नेला, दुरुस्तीची बिलं जोडली. हे काम क्लेम नोंदवल्याच्या आठवड्यातच सुरू करून ठेवता आलं असतं, कागद तोच लागतो.

डिस्चार्ज व्हाउचरवर (रक्कम मान्य असल्याच्या पावतीवर) 'पूर्ण व अंतिम' असे शब्द होते. नियामकाच्या २०१५ च्या परिपत्रकाप्रमाणे त्या सहीने जास्त रक्कम मागायचा हक्क जात नाही. तरी आत्याने सही करण्याआधी आम्ही तिघांनी बसून ठरवलं की पुढे काही मागायचं नाही. मग केली.

२५ एप्रिल

पैसे जमा. दुरुस्तीत आमच्या खिशातून गेले ते : फ्रिज, गाद्यांचा फरक, ट्रॉल्यांचा फरक, पहिल्या साफसफाईचे पैसे. सगळे मिळून लाखाच्या आत.

एक उरलंय. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाची बाल्कनी आणि एक खिडकी आमच्या धुराने काळी झाली. आत्याच्या पॉलिसीत शेजाऱ्यांचं नुकसान येत नाही, आणि त्यांचा स्वतःचा विमा नाही. सोसायटीच्या पॉलिसीत फक्त सामाईक भाग आहे. आत्याने त्यांना सांगितलंय की आपला रंगारी येतोय त्यातच तुमची बाल्कनी करून घेऊ, प्रायमर उरलाच आहे. त्यांना हिरवा रंग हवाय. रंगारी सोमवारी येतो म्हणालाय.